रस, पोकळी आणि थकवा: गोदाकाठच्या ओतकामाची गोष्ट

सातवाहनांचं पोटीनचं नाणं भिंगाखाली धरलं, की हत्ती आणि उज्जैनी चिन्ह दिसायच्या आधी नजर जाते ती बारीक छिद्रांवर. काही खड्डे दोन हजार वर्षं मातीत राहिल्यामुळे पडलेले असतात. काही मात्र जन्मापासूनचे असतात: तांबं, शिसं आणि कथील यांचा रस निवत असताना आत कोंडलेल्या हवेचे, नाहीतर कडेपर्यंत न पोचलेल्या रसाचे. प्रतिष्ठान, म्हणजे आजचं पैठण, ही सातवाहनांची राजधानी. इथे आणि आसपासच्या गोदाकाठी अशी नाणी विपुल मिळाली आहेत. आधी चकती ओतून तिच्यावर ठसा ठोकायचा, किंवा सरळ साच्यातच नाणं ओतायचं, अशा दोन्ही रीती प्राचीन दख्खनला माहीत होत्या. तेलंगणातल्या कोंडापूरच्या उत्खननात नाणी ओतण्याचे भाजक्या मातीचे साचेही सापडले आहेत.

छिद्र पडलं म्हणून नाणं बाद होत नसे. वजन बरोबर असलं आणि राजाची खूण वाचता आली, की व्यवहार पुरा होई. नाणं या हातातून त्या हातात जातं, झिजतं, पुरलं जातं. त्याला वाकावं लागत नाही, ताण सोसावा लागत नाही. पोकळी आत असली काय आणि नसली काय, नाण्याच्या आयुष्यात तिला काही काम नव्हतं.

त्याच पैठणहून आज कोणी रोज मोटरसायकलने छत्रपती संभाजीनगरला कामाला जातो. अंतर सुमारे ५० किलोमीटर. चाकाचा घेर १.९ मीटरच्या आसपास धरला, तर किलोमीटरमागे पाचशेहून अधिक फेरे होतात. जाऊन-येऊन दिवसाला ५० हजारांवर, आणि वर्षाचे ३०० दिवस असा प्रवास झाला तर दीड कोटीपेक्षा जास्त. चाक जर ॲल्युमिनियमचं ओतीव असेल, तर त्याच्या प्रत्येक आऱ्यावर प्रत्येक फेऱ्याला एकदा भार चढतो आणि उतरतो. खड्डा आला की तो भार कितीतरी वाढतो. इथे मात्र पोकळीला काम मिळतं. मोटारीच्या सुट्या भागांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम-सिलिकॉनच्या एका मिश्रधातूवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की २५ ते ५० मायक्रॉन आकाराचा दोषसुद्धा तडा सुरू करायला पुरेसा ठरू शकतो. माणसाचा केस साधारण याहून जाड असतो.

दोन हजार वर्षांत ओतकामातला दोष फारसा बदललेला नाही. बदललं ते एवढंच, की ओतलेल्या वस्तूला किती वेळा भार सोसायचा आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या ओतकामाचा इतिहास या अंगाने पाहिला, तर तो फार वेगळा दिसतो.

पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पश्चिमेला जिथवर फुगतो, तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या काठाने वर गेलं की श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद लागतं. १९७४ मध्ये तिथे झाडाचं खोड उकरताना एका शेतकऱ्याला चार ओतीव प्राणिशिल्पं मिळाली: बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून ६० किलोच्या वर वजन. बहुतेक अभ्यासक ती उत्तर हडप्पा काळातली मानतात. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आढळल्यामुळे काहींनी त्या काळाविषयी शंकाही घेतली आहे. काळ कुठलाही ठरो, कारागिरी पाहून मन थक्क होतं. सारथ्याच्या उभं राहण्यातला तोल आणि रेड्याच्या मानेचा भार ज्याने ओतला, त्याला धातूचा स्वभाव आतून-बाहेरून कळलेला होता.

ही शिल्पं भरीव आहेत. भरीव ओतणं सोपं वाटतं, पण पोकळीचा धोका तिथेच जास्त. रस साच्याच्या भिंतीलगत आधी गोठतो, मधला भाग शेवटी. बहुतेक धातू गोठताना आक्रसतात. शुद्ध ॲल्युमिनियमचं आकारमान तर सहा टक्क्यांहून अधिक कमी होतं. बाहेरचं कवच कडक झालेलं, आत रस अजून आक्रसतो आहे आणि त्याची जागा भरायला नवा रस येत नाही, अशा वेळी मधोमध पोकळी पडणारच. जाड भाग जितका जाड, तितकी ही अडचण मोठी. दायमाबादच्या कारागिराला जाड अंगाचा रेडा ओतताना तिला तोंड द्यावंच लागलं असणार. आत काही राहून गेलं असलं, तरी त्या रेड्याला कधी ओझं ओढायचं नव्हतं.

रसाला वाट द्यावी लागते, हे ज्ञान पुढे ग्रंथात उतरलं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मेणाच्या साच्याची रीत सांगतो. आधी मेणाची मूर्ती करायची. तिच्या पाठीवर, खांद्यावर किंवा मुकुटावर धोत्र्याच्या फुलासारख्या मेणाच्या लांब नळ्या बसवायच्या. मग मातीचे थर चढवायचे, पहिला थर पातळ आणि पुढचे जाड, आणि मूर्ती सावलीत वाळवायची. मेणाचं आधी वजन करून ठेवायचं आणि त्या हिशेबाने धातू घ्यायचा, चांदी मेणाच्या बारापट, सोनं सोळापट. धोत्र्याच्या फुलासारख्या त्या नळ्या म्हणजे आजच्या फाउंड्रीतले रनर आणि रायझर. रस आत जाण्याची, हवा बाहेर पडण्याची आणि आक्रसणाऱ्या धातूला वरून आणखी रस मिळण्याची वाट. कोल्हापूरच्या किंवा वाळूजच्या कुठल्याही मोल्डरला हा मजकूर वाचून दाखवला, तर त्याला परकं काही वाटणार नाही.

मूर्तीचं भागलं. तोफेचं भागेना.

१५४९ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीत एक अजस्र तोफ ओतली गेली. ओतणारा तुर्कस्तानातून आलेला रूमी उस्ताद. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली, १६३२ मध्ये आदिलशाहीतल्या मुरारपंतांनी ती विजापूरला नेली, आणि आजही ती तिथल्या शर्झा बुरुजावर आहे: मुलूख-ए-मैदान. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंडाचा व्यास दीड मीटर, नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर, वजन ५५ टनांच्या घरातलं. तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती.

तिच्या धातूची एकोणिसाव्या शतकात तपासणी झाली, तेव्हा तांबं सुमारे ८० टक्के आणि कथील सुमारे २० टक्के निघालं. हे प्रमाण तोफेचं नाही, घंटेचं आहे. तोफांसाठी सहसा दहा टक्क्यांच्या आसपास कथील घालत. वीस टक्के कथिलाने धातू कडक होतो, सुरेख नाद देतो, रसही पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. पण तो ठिसूळ होतो. मऊ धातूत पोकळीच्या टोकाशी ताण वाढला, तर धातू थोडा ताणला जातो आणि टोक बोथट होतं. ठिसूळ धातूला ती सवलत नाही. तो ताणला जात नाही, तडकतो.

मग ही तोफ टिकली कशी? एक उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. दीड मीटरमधून ७० सेंटिमीटर वजा केले आणि उरलेल्याचे दोन भाग केले, की तोंडाशी भिंतीची जाडी ४० सेंटिमीटर येते. एवढ्या जाडीत स्फोटाचा ताण पसरून जातो. दुसरं उत्तर असं, की अशी तोफ दिवसभर धडाडत नसे. ती हलवायला शेकडो बैल लागत, ठासायला वेळ लागे, आणि तिचा धाक बारापेक्षा मोठा होता. रूमी उस्तादाने धातू भरपूर वापरून ताण कमी ठेवला आणि वापराने फेऱ्यांची संख्या कमी राहिली. त्याच धातूची हलकी मैदानी तोफ करून तिला रोज पन्नास बार मारायला लावले असते, तर ती फार काळ टिकली नसती, असं म्हणायला हरकत नाही.

दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफही याच परंपरेतली, रुंद आणि दिमाखदार. तिथून भोकरदनकडे गेलं की जालना जिल्ह्यात असईचं रण लागतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंद्यांच्या शंभरच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच पितळी तोफांच्या घडणीची स्वतः इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तारीफ केली. हरलेल्या बाजूचं ओतकाम जिंकणाऱ्याच्या तोंडून वाखाणलं गेलं, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भाराची पुनरावृत्ती सोसणारी दुसरी ओतीव वस्तू म्हणजे घंटा. नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठावर नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी आप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या वसई मोहिमेनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या. घंटेच्या एकाच जागी लोळा आदळत राहतो, आणि प्रत्येक आघातानंतर सगळी घंटा थरथरत राहते. आत पोकळी असली तर नाद आधीच बद्द येतो, म्हणून घंटा ओतणाऱ्याला दोष कानानेच कळतो. पण कानाला न कळणारा दोष वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी तडा होऊन बाहेर येतो. युरोपात जुन्या घंटा काही काळाने थोड्या फिरवून बसवण्याची रीत आहे, म्हणजे लोळा नव्या जागी आदळतो. वारंवारच्या भाराने धातूला येणाऱ्या थकव्याचं शास्त्र जन्मण्याआधी कारागिरांनी शोधलेला तो उपाय होता.

ओतण्याची रीत बदलली तर वारंवारचा भार सोसण्याची ताकद किती बदलते, याचा फार स्पष्ट पुरावा अमेरिकेतून मिळाला. १८४९ मध्ये पिट्सबर्गच्या फोर्ट पिट ओतशाळेत थॉमस रॉडमनच्या पद्धतीची पारख करण्यासाठी एकाच मापाच्या दोन लोखंडी तोफा ओतल्या. एक नेहमीसारखी भरीव ओतून मग आतून कोरली. ती बाहेरून आत निवली. दुसरी पोकळ ओतली आणि तिच्या गाभ्यात पाणी खेळवून तिला आतून बाहेर निवू दिलं. दोघींना सारखे बार दिले. पहिली ८५ व्या बाराला फुटली, दुसरी २५१ व्या. दुसरीत आतला थर आधी गोठला, आणि नंतर आक्रसणाऱ्या बाहेरच्या थरांनी त्याला आवळून धरलं. जिथे स्फोटाचा ताण सर्वांत जास्त, नेमकी तीच जागा आधीपासून दाबाखाली राहिली, आणि तडे उघडायला वेळ लागला. फरक केवळ कुठला भाग आधी निवला एवढाच होता.

तोवर थकव्याने रेल्वेत माणसं मारायला सुरुवात केली होती. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, गाडीने पेट घेतला आणि ५० हून अधिक प्रवासी गेले. आस नवा असताना मजबूत होता, मग तो तुटला कसा, हा प्रश्न अभियंत्यांना सतावू लागला. प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत आसांचे तुकडे यंत्रावर लाखो वेळा फिरवून त्याचं उत्तर मिळवलं. एका झटक्यात धातू जेवढं ओझं पेलतो, त्याच्या कितीतरी कमी ओझ्याखालीही तो तुटतो, फक्त ते ओझं पुन्हा पुन्हा यायला हवं. भार जितका कमी, तितके फेरे जास्त. भार एका पातळीखाली राहिला, तर पोलाद जवळजवळ अमर्याद फेरे सोसतं. व्होलर यांची मोजमापं चालू होण्याच्या सुमारासच, १८५३ मध्ये, मुंबई ते ठाणे गाडी धावली होती. मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास आली. पैठणला ती आजही आलेली नाही.

दोषाजवळच तडा का सुरू होतो? गोदेच्या पात्रात मध्येच खडक असला, की सरळ वाहणारं पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी दाटीने, जोराने जातं. धातूतून वाहणारा ताण पोकळीला वळसा घालताना तसाच दाटतो. गोल पोकळीच्या कडेला तो सरासरीच्या दुप्पट-तिप्पट होतो. पोकळी दातेरी, टोकदार असेल तर त्याहून खूप जास्त. म्हणून ओतकामातले सगळे दोष सारखे नसतात. रसात विरघळलेला वायू बाहेर पडताना जे फुगे राहतात, ते बहुधा गोल आणि गुळगुळीत असतात. आक्रसताना पडलेली पोकळी वेडीवाकडी असते, धातूच्या कणांच्या फटीफटींतून पसरलेली. तीच जास्त घातक. त्याहून फसवा असतो तो दुमडलेला साका: वितळलेल्या ॲल्युमिनियमवर क्षणात चढणारा ऑक्साइडचा पापुद्रा रस खळबळला की आत गुंडाळला जातो, आणि त्याच्या दोन घड्या एकमेकींना कधीच चिकटत नाहीत. हा तडा तडा पडण्याआधीच तिथे असतो, आणि एक्स-रेलाही सहज दिसत नाही.

महाराष्ट्रात ओतीव लोखंड शेतकऱ्याच्या हाती दिलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावात कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर करून झाल्यावर १९१० मध्ये औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीशी त्यांना झगडावं लागलं. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या लोखंडी तोफा त्यांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. इतिहासाच्या प्रेमापोटी कोणी हळहळेल, पण बुरुजावर गंजत पडलेल्या त्या तोफांचा याहून चांगला शेवट सुचणं अवघड आहे.

नांगर आणि त्यानंतर कोल्हापूर-इचलकरंजीत वाढलेला ऑइल इंजिनांचा धंदा, दोन्ही करड्या ओतीव लोखंडावर उभे राहिले, आणि त्यामागे थकव्याच्या शास्त्राचं एक कारण आहे. करड्या लोखंडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात पसरलेलं असतं. हा प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक बारीक खाच. धातू मुळातच खाचांनी भरलेला असल्यामुळे त्यात आणखी एखादी लहान पोकळी पडली, तर फारसा फरक पडत नाही. ताकद मुळात कमी, पण दोष पचवण्याची तयारी मोठी. शिवाय गोठताना ग्रॅफाइट फुगतं आणि आक्रसण्याची बरीच भरपाई होते. साधी भट्टी, वाळूची पेटी आणि हुशार मिस्त्री एवढ्यावर जे काम उभं राहू शकलं, ते या स्वभावामुळे. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटच्या गोळ्या करण्याची रीत जाहीर झाली, आणि लोखंड कितीतरी चिवट झालं. पण जसजसा धातू चांगला होत गेला, तसतसा उरलेला प्रत्येक दोष महाग पडू लागला. क्रँकशाफ्ट या नव्या लोखंडात ओतायचा, तर मग गॅसचा एक फुगाही चालेनासा झाला.

मराठवाड्यात हे वळण १९८५ मध्ये आलं, आणि ते लोखंडातून नव्हे तर ॲल्युमिनियममधून आलं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी अनुरंग जैन आणि तरंग जैन या जुळ्या भावांनी बजाजला ॲल्युमिनियमचे डायकास्ट भाग पुरवण्याचं काम औरंगाबादेत सुरू केलं. त्यातूनच आजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी राहिली. तिच्यासारखे आणखी कारखाने आले. गंगापूर, पैठण, खुलताबादच्या गावांतली मुलं आयटीआय करून डायकास्टिंगच्या यंत्रावर उभी राहिली. ज्वारी-बाजरीच्या घरातून आलेली ही पिढी रसाचं तापमान आणि साच्याचा दाब यांची भाषा बोलू लागली. मराठवाड्याच्या अलीकडच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, आणि तिची दखल तिच्या मानाने कमी घेतली गेली.

डायकास्टिंगचं बलस्थान वेग, आणि त्याची अडचणही वेगच. पोलादी साच्यात रस सेकंदाला ३० ते ६० मीटर वेगाने घुसवला जातो, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. जॉन कॅम्पबेल या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे, की रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या पुढे गेला की त्याचा पृष्ठभाग फुटतो आणि साका आत गुंडाळला जाऊ लागतो. दोन आकडे शेजारी ठेवले की डायकास्ट भागात हवा आणि साका का अडकतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून इंजिनाच्या झाकणाला ही रीत उत्तम, पण चाकासारख्या जिवावरच्या भागाला सहसा वेगळी रीत वापरतात: साच्याच्या खालून हलक्या दाबाने रस चढवायचा, शांतपणे, न खळबळता. धोत्र्याच्या फुलासारख्या नळ्यांमागे जो विचार होता, तोच इथे यंत्राने अमलात येतो.

पावसाळा ही वेगळीच परीक्षा असते. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या बाष्पातून हायड्रोजन शोषतं. गोठताना त्याची हायड्रोजन धरून ठेवायची ताकद सुमारे वीसपटीने घटते, आणि उरलेला वायू फुगे करून राहतो. ओलसर भंगार, दमट फ्लक्स, न तापवलेला डाव, यांतलं काहीही पुरतं. म्हणून रसात आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून हायड्रोजन बाहेर काढतात. तपासणीची एक सोपी रीतही आहे. वाटीभर रस निर्वात पेटीत गोठवायचा. हवेचा दाब नसल्यामुळे लपलेला वायू फुगून येतो. वडी कापली की चाळणीसारखी दिसली तर तो रस ओतायचा नाही.

दोषाचा थकव्यावरचा परिणाम मोजता येण्याजोगा केला तो जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या युकिताका मुराकामी यांनी, १९८० च्या दशकात. त्यांनी दोषाचा आकार कसा आहे, यात न शिरता भाराच्या दिशेने पाहिल्यावर त्याची सावली केवढी पडते, तेवढंच मोजलं. ते क्षेत्रफळ आणि धातूचा कठीणपणा एवढ्यावर त्यांनी पोलादाची थकवा सोसण्याची मर्यादा सांगणारं सूत्र दिलं. पुढे इतर धातूंसाठी त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या सूत्रानुसार दोषाचं माप, म्हणजे त्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ, दुप्पट झालं, तर मर्यादा सुमारे ११ टक्क्यांनी घटते. तोच दोष आत असण्याऐवजी पृष्ठभागावर असला, तर ती सुमारे ८ टक्क्यांनी घटते. म्हणजे पृष्ठभागावर येणं हे दोष जवळजवळ १.७ पट मोठा होण्यासारखं आहे. त्यात वाकणाऱ्या भागात सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच असतो, हे धरलं की धोका आणखी वाढतो.

यातून कारखान्यातल्या एका नेहमीच्या अनुभवाचा उलगडा होतो. डायकास्ट भागाची बाहेरची साल घट्ट असते, कारण थंड साच्याला लागून ती चटकन गोठते. पोकळ्या सालीखाली असतात. हाच भाग लेथवर किंवा मिलिंगवर गेला, साल निघाली, की आतली पोकळी उघडी पडते. ओतताना जो भाग चांगला होता, तो चकाचक झाल्यावर थकव्याला कमकुवत होतो. म्हणून कुठली बाजू यंत्रावर घ्यायची आणि कुठली तशीच सोडायची, हे ओतण्याआधीच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना डिझाइनवाल्याने फाउंड्रीतल्या माणसाला शेजारी बसवायला हवं. जिथे हे घडतं तिथे भाग टिकतात.

सापडलेला दोष दुरुस्त करता येतो का, हे मात्र वस्तूवर ठरतं. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं वीजघर आहे, त्यातलं यंत्र वीजही करतं आणि गरज पडली तर पाणी उलटं वरही चढवतं. अशा टर्बाइनचं चक्र सहसा ओतीव पोलादाचं असतं, आणि पाण्याच्या प्रत्येक हिसक्याचा हिशेब त्याच्या पात्यांच्या मुळाशी जमा होतो. तिथे दोष सापडला तर खणून, वेल्डिंगने भरून, पुन्हा घासून दुरुस्त करतात. एवढी मोठी ओतीव वस्तू टाकून देणं परवडत नाही. मोटरसायकलच्या चाकाला मात्र ही दुरुस्ती लागू नाही. वाकलेलं अलॉय चाक तापवून, ठोकून किंवा वेल्डिंग करून सरळ केलं, तर उष्णतेने मिळवलेली त्याची ताकद त्या जागी जाते आणि नवे दोष शिरतात. वाचकांपैकी कोणाच्या गाडीचं चाक असं सरळ करून घेतलेलं असेल, तर ते बदलावं.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने महाराष्ट्र सरकारशी सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार केला. जागा बिडकीनची, म्हणजे पैठण तालुक्यातली. तोफा वितळवून नांगर करणाऱ्या घराण्याचं नाव अशा रीतीने सातवाहनांच्या राजधानीच्या शिवारात येऊन पोचलं आहे. कारखाना आला की त्याच्या मागे ओतीव भाग करणारे लहान-मोठे पुरवठादार येतील, आणि त्यांना रस, साचा आणि पोकळी ओळखणारी माणसं लागतील.

ती माणसं इथे आहेत. १९८५ मध्ये विशीत असताना वाळूजच्या यंत्रावर उभे राहिलेले कामगार आता साठी ओलांडून निवृत्त होत आहेत. कुठल्या साच्यात कुठे पोकळी पडायची, पावसाळ्यात रस कसा वागायचा, तुटून परत आलेल्या भागाच्या भंगलेल्या तोंडावर तडा नेमका कुठून निघालेला दिसायचा, हे त्यांच्या डोक्यात आहे. दायमाबादच्या ओताऱ्याने काय ओळखलं होतं, ते आता कोणाला विचारता येणार नाही; या कामगारांना विचारता येईल. छत्रपती संभाजीनगरची अभियांत्रिकी महाविद्यालयं, पैठणची आयटीआय आणि इतिहासाचे विभाग यांनी मिळून त्यांच्या मुलाखती आणि कापलेले, फुटलेले नमुने जपून ठेवण्याचं काम याच वर्षी हाती घ्यावं.